बेटावरचा नोव्हेंबर

दिवाळी झाली की आमच्या लक्ष्मीबाई नगरात सकाळ होत नाही, नुसतं उजाडल्यासारखं होतं. खिडकीसमोरचा कडुनिंब आधी राखाडी दिसतो, मग जरा कमी राखाडी, आणि बऱ्याच वेळाने त्याच्यामागे जुन्या बल्बसारखा एक पिवळट सूर्य लटकलेला दिसतो. उशीच्या अभ्र्याला जळका वास येतो. वाळत घातलेले कपडे आत आणले की त्यांनाही तोच. डोळे चुरचुरतात, आणि आपण कुणावर तरी चिडलो आहोत असं दिवसभर वाटत राहतं, फक्त कुणावर ते ठरत नाही.

माझं ठरलेलं असतं. मी सुधीरवर चिडते.

सुधीर म्हणजे माझा नवरा. केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, ऐन पंचविशीत अकोल्याहून दिल्लीत आला तो इथलाच झाला. या दिवसांत त्याला खोकला होतो. होतो म्हणजे येऊन राहतो, पाहुण्यासारखा, थंडी सरेपर्यंत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी इनहेलर असतो आणि तरीही कुणी विचारलं की हा म्हणतो, "काही नाही, हवा बदलली की घसा धरतो जरा." मी फिजिओथेरपिस्ट आहे. सरोजिनी नगरच्या क्लिनिकमध्ये अनोळखी माणसांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवते, ती शिकतातही. घरी आले की हा हवा शुद्ध करायचं यंत्र बंद करून बसलेला असतो, कारण त्याच्या आवाजात बातम्या ऐकू येत नाहीत. बातम्यांत दिल्लीची हवा किती वाईट आहे ते सांगत असतात.

डॉक्टरांनी त्याला कितीदा सांगितलं, नोव्हेंबर-डिसेंबरात शहराबाहेर राहत जा. यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "डॉक्टर स्वतः कुठे जातो?"

याच दिवसांत माझ्या फोनवर बेटं उगवायला लागतात. इमारतीतले, क्लिनिकमधले, नात्यातले, ज्यांना जमतं ते सगळे कुठल्यातरी बेटावर गेलेले असतात. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळात खोचलेली नळी आणि तिच्यामागे ओळखीचा चेहरा. पाण्याखालचे मासे. पाण्यावरच्या झोपड्या. मी ते फोटो मोठे करून बघते आणि मनात म्हणते, आम्हीही गेलो होतो. एकदा. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, आणि तो नोव्हेंबर अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

ठरवलं होतं गार्गीने. ही आमची मुलगी, वाढली दिल्लीत, नोकरी बंगळुरूला. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. तिने फोन केला तेव्हा अंदमानचं सगळं ठरवूनच टाकलं होतं, विमान, बोट आणि एका छोट्या बेटावरचं ते भारी रिसॉर्ट. "बाबा, या वेळी नाही म्हणायचं नाही," ती म्हणाली. सुधीरने रजेचा अर्ज असा दिला की जणू त्याच्याकडे मूत्रपिंड मागितलं आहे.

बोट धक्क्याला लागली तेव्हा आमच्या गळ्यात शंखांच्या माळा घातल्या आणि हातात थंडगार ओले रुमाल दिले. गवती चहाचा वास होता त्यांना. सुधीरने त्या रुमालाने तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला आणि शेवटी वाकून बूटही पुसले. गार्गी दुसरीकडे बघायला लागली.

खोली म्हणजे एक आख्खं लाकडी घर होतं, झाडांत लपलेलं, पायऱ्या उतरल्या की सरळ वाळू. पलंगावर टॉवेलची घडी घालून हंस केला होता. सुधीरला तो इतका आवडला की त्याने कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस तो स्वतःच्या पंच्याने अंग पुसत राहिला. न्हाणीघराला छप्पर नव्हतं, शॉवरखाली उभं राहिलं की वर नारळाच्या झावळ्या आणि आभाळ. त्याने फोन उचलला आणि रिसेप्शनला कळवलं, "ऊपर छत नहीं है." पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "जी सर, वही तो खास बात है." त्याने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "पाऊस आला तर?"

मी बाहेर जाऊन वाळूत पाय खुपसून बसले.

मी मुरुडची आहे. आमचा समुद्र असा नव्हता. आमचा गढूळ, गडबड्या, सुक्या मासळीच्या वासाचा, रागावला की माडांच्या मुळाशी येऊन धडकणारा. हा निळ्या काचेसारखा गुळगुळीत पडला होता, फार शिकवलेल्या मुलासारखा. पण ओठांवरून जीभ फिरवली तर खारटपणा तोच. किती वर्षांनी तो खारटपणा तोंडात आला होता. दिल्लीत राहून मी समुद्राचं नाव काढायचं सोडून दिलं होतं. काढून उपयोग काय, असं वाटायचं. सुधीरची नोकरी, सुधीरची माणसं, सुधीरचे ते हिवाळ्यातले पेरू आणि त्यावरचा मसाला. या माणसाला इथून हलवणं म्हणजे कडुनिंब उपटून दुसरीकडे लावण्यासारखं.

त्या बेटावर फोन फक्त धक्क्याच्या टोकाशी लागायचा. त्यामुळे जगातली माणसं जिथे येऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहायची, तिथे माझा नवरा समुद्राकडे पाठ करून, हात उंच धरून, एका फायलीचं काय झालं ते विचारत असायचा. पायाखालून रंगीत मासे जात. एकदा एक काळा-पांढरा, चपटा रे मासा पंख हलवत, अगदी सावकाश, त्याच्या सावलीतून निघून गेला. मी म्हटलं, "सुधीर, खाली बघ." त्याने एक बोट वर केलं. थांब, लाइनवर आहे.

आणि मग ती सकाळ.

मी दचकून जागी झाले. काहीतरी चुकत होतं. लाटांचा आवाज होता, कुठलासा पक्षी ओरडत होता, पण खोलीतला आवाज गेला होता. शेजारी सुधीर नव्हता. दिल्लीत माझी झोप त्याच्या खोकल्याने मोडते आणि खोकल्याच्याच आधाराने पुन्हा लागते. तो ऐकू येतोय तोवर सगळं ठीक आहे. इथे काही नाही. मी तशीच गाऊनवर बाहेर पळाले.

सुधीर पाण्याच्या कडेने चालला होता. हात मागे बांधून, भराभर. बरोबर गार्गी होती आणि तो तिला काहीतरी लांबलचक सांगत होता, मध्ये न थांबता, वाक्यं न तोडता. मला या कामाची सवय आहे, माझी नजर आधी माणसाच्या खांद्यांवर जाते. खांदे खाली होते. मान सैल होती. श्वास पोटातून चालला होता, जसा चालायला हवा तसा. दिल्लीत दोन जिने चढताना मधल्या वळणावर मोबाईल काढून काहीतरी वाचायचं नाटक करणारा हा माणूस इथे ओल्या वाळूत मुलीच्या पुढे चालला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. म्हणजे हे शक्य होतं. इतकी वर्षं हे शक्य होतं.

त्याच दिवशी गार्गीने त्याला पाण्यात उतरवलं. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं तिने, कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कुणीतरी असेल तर चालेल. सोबत होती रोझलिन, तिथलीच, पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला नेणारी. तिने त्याला मुखवटा चढवला, तोंडात नळी दिली आणि म्हणाली, "सर, नाक भूल जाइए. मुंह से, आराम से, लंबी सांस." सुधीरने ताबडतोब तसं केलं. हेच, अगदी हेच मी त्याला कित्येक हिवाळे सांगत होते. मी पाण्यात तोंड घातलं, नाहीतर काहीतरी बोलले असते.

पाण्याखाली आधी शांतता वाटते, मग कळतं की शांतता नाही. बारीक करकर ऐकू येते, शेजारच्या खोलीत कुणी पापड खात असल्यासारखी. ते पोपटमासे होते, हिरवे-गुलाबी, चोचीने प्रवाळ कुरतडत होते. त्यांच्यापलीकडे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे दगड, जे दगड नव्हते, जिवंत होते. एक मोठा शिंपला निळे ओठ उघडून बसला होता, माझी सावली पडताच त्याने ते मिटले. आणि जिथे वाळूत गवत उगवलं होतं तिथे एक कासव चरत होतं. चरत होतं म्हणजे अगदी गाईसारखं, मान खाली घालून, घास तोडत, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. मग त्याने मान वर केली, सावकाश सुधीरच्या शेजारून वर आलं, पाण्याबाहेर नाक काढून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं.

सुधीर उभा राहिला. नळी काढली. केस कपाळाला चिकटलेले, मुखवट्याचा वळ गालावर. "मीनल," तो म्हणाला, "त्याने माझ्याकडे बघितलं."

दिवसभर तो हे प्रत्येकाला सांगत होता. रिसेप्शनला, बागेत काम करणाऱ्यांना, जेवण वाढणाऱ्यांना. खोलीत हंसालाही सांगितलं असेल. आणि या भरातच दुपारच्या जेवणाला तो खुरानांच्या टेबलावर जाऊन बसला.

खुराना नवरा-बायको गुरुग्रामचे. धूर सुरू झाला की दरवर्षी कुठल्या तरी बेटावर येऊन राहायचे. खुरानांनी सहज विचारलं, तुम्हीही दरवर्षी निघता का? सुधीरने भाजलेल्या माशाचा काटा बाजूला काढला आणि मोठ्या खुशीत म्हणाला, "अरे, हमें तो कोची की पोस्टिंग मिल रही थी. समंदर के सामने दफ्तर. मैंने मना कर दिया."

"क्यों?"

"मिसेस का क्लिनिक है ना. दिल्ली छोड़के नहीं आतीं."

मिसेस समोरच बसल्या होत्या. मिसेसने चमचा खाली ठेवला. खुरानाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन पपई उचलली.

मी पानातला मासा संपवला. खोलीसमोरच्या पायऱ्यांवर आल्यावर विचारलं, "कोचीचं मला कधी सांगितलं होतंस?"

"त्यात सांगायचं काय. तू आली नसतीस."

"मला विचारलंस?"

"तीस वर्षं ओळखतो तुला."

"काय ओळखतोस? मी मुरुडची आहे, सुधीर. समुद्रासमोर घर मिळत होतं आणि मी नाही म्हणेन?"

"तू कधी म्हणालीस मला समुद्र हवाय म्हणून?"

"तू कधी विचारलंस?"

"तू म्हणायचीस, माझे पेशंट, माझे पेशंट."

"तू रोज घरी येऊन दिल्लीचं कौतुक करायचास. मग मी काय करणार? पेशंटच धरून बसणार ना."

गार्गी खालच्या पायरीवर बसली होती. ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही दोघं बिल्कुल सेम आहात. एकमेकांना काही विचारत नाही आणि मग रात्रंदिवस मला फोन." समोर पाणी खूप मागे गेलं होतं, सकाळी आम्ही पोहत होतो तिथे आता उघडी वाळू आणि तिच्यावर लगबगीने पळणारे खेकडे. गार्गीने तिकडे बोट केलं. "हे पाणी असं मागे जातं ना, लो टाइड, त्याला मराठीत काय म्हणतात?"

"ओहोटी," आम्ही दोघंही एकदम म्हणालो, तसेच रागात.

तिला हसू आलं. मला आलं नाही. मी आत गेले आणि छप्पर नसलेल्या त्या न्हाणीघरात बराच वेळ पाण्याखाली उभी राहिले.

संध्याकाळी सुधीर धक्क्याच्या टोकाला गेला. परत आला तो पायांकडे बघत. "चौकशी केली," तो म्हणाला. "ती जागा केव्हाच भरली." मग त्याने पलंगावरचा हंस उचलला, त्याची मान सोडवली, झटकून सरळ केला आणि टॉवेल माझ्या ओल्या केसांवर ठेवला. उरलेले दिवस तो माझ्याशी इतका नीट वागत होता की सहन होत नव्हतं.

परतीच्या विमानात तो खिडकीशी होता. बराच वेळ खाली ढग होते, मग ऊन, मग एक तपकिरी पट्टा आला, गाळ बसलेल्या पाण्यासारखा, आणि आम्ही त्यात उतरलो. सामान घेईपर्यंत त्याचा घसा खवखवायला लागला होता. टॅक्सीत त्याने खोकला दाबायचा प्रयत्न केला, माझ्याकडे चोरून पाहिलं आणि मग दाबला नाही.

त्यानंतर त्याच्यात एकच बदल झाला. तो विचारायला लागला. ऑफिसातून फोन, बटाटा आणू का फ्लॉवर? पडदा लावू का? हा शर्ट चालेल? मी हातातलं काम टाकून सांगायचे आणि मनात म्हणायचे, जे विचारायला हवं होतं ते सोडून हा जगातलं सगळं विचारतो आहे. दोन हिवाळे असे गेले. खोकला आला, राहिला, गेला, आला.

आणि गेल्या आठवड्यात, मी क्लिनिकमध्ये एका आजींचा आखडलेला खांदा वर नेत असताना त्याचा फोन आला. वाटलं, भाजीच असेल.

"विशाखापट्टणमला जागा निघाली आहे," तो म्हणाला. "समुद्र आहे तिथे. विचारतोय."

ज्या प्रश्नासाठी मी इतकी वैतागले होते तो समोर आला आणि माझ्या तोंडून हो निघेना. खिडकीबाहेर बाजार होता, ढिगांतून स्वेटर उपसणाऱ्या मुली, धुरात पिवळे दिसणारे दिवे. आजी डोळे मिटून माझ्या भरवशावर हात सोडून बसल्या होत्या. मला मुनिरकात खोल्या घेऊन राहणारी ती मुलं आठवली, परभणीची, बीडची, परीक्षांचा अभ्यास करून मान धरली की येणारी आणि मान सुटली तरी रविवारी पोह्यांना येणारी. फेब्रुवारीतलं ऊन आठवलं. रस्त्याच्या कडेचं सेमलचं झाड, पानं नसताना फुलांनी लाल होणारं.

"मला विचार करू दे," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला.

रात्री पानं वाढली तेव्हा मी विचारलं, "तुला काय हवंय?"

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "मला दिल्ली आवडते."

"म्हणजे कोचीला नाही म्हणालास ते माझ्यासाठी नव्हतं?"

"तुझ्यासाठीही होतं," तो म्हणाला. "पण तुझं नाव सांगणं सोपं होतं."

बघा. इतकी वर्षं मी ज्याचा राग धरून बसले होते ते तसं नव्हतंच. आधी वाटलं, माझ्यासाठी याने फुफ्फुसं पणाला लावली, न विचारता. आता कळतं, स्वतःसाठीच लावली. कुठला राग जास्त बरा ते मला ठरवता येईना. आणि त्याहून वाईट म्हणजे मला त्याचं म्हणणं समजत होतं.

"मलाही आवडते," मी म्हटलं. "तुझा खोकला आवडत नाही."

त्याने रिमोट घेऊन बातम्या बंद केल्या. यंत्र चालू केलं, त्याची घरघर तेवढी राहिली.

"मग हो म्हणतो," तो म्हणाला.

"मन मारून नको म्हणूस."

"मन मारूनच म्हणतोय. पण म्हणतोय."

परवा रविवारी त्याच्या मनात आलं, कुतुबमिनार बघू. आयुष्यभर दिल्लीत राहून तो आत कधी गेला नव्हता, पाहुणे आले की मलाच पाठवायचा त्यांच्याबरोबर. मी म्हटलं, अशा हवेत घराबाहेर पडायचं नाही. तो म्हणाला, तू येणार का, विचारतोय. तोंडाला मास्क लावून गेलो. आत गर्दी होती, लोक फोटो काढत होते. समोर मिनाराचा लाल दगड, त्यावरची कोरलेली अक्षरं, पहिला सज्जा, अंधूकसा दुसरा, आणि त्याच्यावर काही नाही. नुसता पांढरट धूर.

सुधीर कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला.

"वरचं काहीच दिसत नाही."

"फेब्रुवारीत यायला हवं होतं," मी म्हटलं, जरा तोडूनच.

"फेब्रुवारीत आपण इथे नसू, मीनल."

हे तो पहिल्यांदाच इतकं सरळ बोलला. मग त्याला खोकल्याची उबळ आली, तो एका दगडावर टेकला, आणि मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून टोपण उघडून त्याच्यापुढे धरली. आमच्या शेजारी एक बाई आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन उभी होती आणि तिची हनुवटी वर करून सांगत होती, "ऊपर देख, और ऊपर. है वहीं, बस दिख नहीं रहा."